यादीबाहेरचे आदिवासी आणि अनास्थेचा आरोप

मूल शाळेत गेल्याबद्दल गरीब कुटुंबाला सरकारने थेट रोख रक्कम द्यावी आणि ती रक्कम मुलाच्या हजेरीवर अवलंबून ठेवावी, या पद्धतीला धोरणाच्या परिभाषेत सशर्त रोख हस्तांतरण म्हणतात, आणि गेल्या तीन दशकांत तिचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण मेक्सिकोतील ‘प्रोग्रेसा’ या कार्यक्रमाचे आहे. राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांच्या कारकिर्दीत १९९७ मध्ये तो सुरू झाला. अर्थतज्ज्ञ सान्तियागो लेव्ही आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ होसे गोमेस दे लेऑन हे त्याचे प्रमुख रचनाकार होते. २००२ मध्ये त्याचे नाव ‘ओपोर्तुनिदादेस’ आणि २०१४ मध्ये ‘प्रोस्पेरा’ झाले, आणि २०१९ मध्ये तो बंद करण्यात आला. या बावीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला देत एक युक्तिवाद वारंवार केला जातो. ज्या आदिवासी कुटुंबांनी योजनेत भाग घेतला नाही किंवा भाग घेऊन मध्येच सोडून दिला, त्यांना शिक्षणाचे मोल कळलेले नाही. पैसे हातात ठेवूनही जे मुलांना शाळेत पाठवत नाहीत, त्यांच्यासाठी सरकारने आणखी काय करायचे, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर व्यवहारी वाटतो, पण मेक्सिकोच्या अनुभवाला धरून तपासला तर त्याचा एकही आधार टिकत नाही, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच तो दोषी ठरवतो.

पहिली गोष्ट अशी की, योजनेत कोण येणार हे कुटुंबाने ठरवण्याच्या कितीतरी आधी गावाच्या पातळीवर ठरत असे. प्रोग्रेसाची निवड दोन टप्प्यांत होई. पहिल्या टप्प्यात जनगणनेच्या आकड्यांवरून प्रत्येक ग्रामीण वस्तीचा वंचितता निर्देशांक काढला जाई, म्हणजे निरक्षरता, घरांची अवस्था, पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या सोयींचा अभाव यांवरून वस्ती किती मागास आहे हे मोजले जाई. परंतु मागास ठरलेली प्रत्येक वस्ती पात्र होत नसे. त्या वस्तीला ठरावीक अंतराच्या आत शाळा आणि आरोग्य केंद्र उपलब्ध असणे आवश्यक होते, कारण अट पाळायची तर ती पाळण्याची जागा हवी. शिवाय पन्नासपेक्षा कमी लोकसंख्येच्या वस्त्या सुरुवातीपासूनच वगळल्या गेल्या. कागदावर हा नियम तर्कसंगत दिसतो, पण मेक्सिकोत शंभरपेक्षा कमी लोकसंख्येच्या वस्त्या एक लाखाहून अधिक आहेत, आणि वाहाका, चियापास, गेर्रेरो या डोंगराळ राज्यांत अशा विखुरलेल्या वस्त्यांमध्ये आदिवासींची संख्या मोठी आहे. ज्या दरीत सरकारने कधी शाळा बांधली नाही, त्या दरीतल्या आईला शाळेच्या अनुदानासाठी अर्ज करण्याची संधीच नव्हती. तिची गणना गैरसहभागी म्हणून करणे आणि त्यातून तिच्या मनोवृत्तीविषयी निष्कर्ष काढणे हा सरळ सरळ खोटेपणा आहे.

या मुद्द्यावर शंका घेणाऱ्यांना मेक्सिकन सरकारच्याच पुढील निर्णयाकडे पाहता येईल. २००३ नंतर अन्नसाहाय्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू करण्यात आला आणि तो प्रामुख्याने अशा गरीब कुटुंबांसाठी होता, जी शाळा व दवाखान्याच्या अभावी मुख्य योजनेत बसत नव्हती. पुढे प्रोस्पेराच्या काळात तर ‘सहदायित्वाविना’ मदत देण्याची रीतसर तरतूदच झाली. सहदायित्व म्हणजे मदतीच्या बदल्यात कुटुंबाने पाळायच्या अटी, आणि जिथे सोयी अपुऱ्या आहेत तिथे या अटी लावता येत नाहीत हे सरकारने त्या तरतुदीने मान्य केले. यादीबाहेर राहिलेल्यांच्या अनास्थेचा सिद्धान्त ज्या योजनेच्या नावाने मांडला जातो, ती योजना चालवणाऱ्यांनीच तो असा निकालात काढला होता.

दुसरा टप्पा कुटुंबाच्या निवडीचा. पात्र वस्तीत घरोघरी सर्वेक्षण होई. घराची जमीन मातीची आहे की फरशीची, घरात कोणती उपकरणे आहेत, किती माणसे कमावती आणि किती अवलंबून आहेत, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून संख्याशास्त्रीय सूत्राने कुटुंबाला गरीब किंवा बिगरगरीब ठरवले जाई. हे सूत्र गावकऱ्यांना ठाऊक नसे. एकाच वाडीत, सारख्याच मातीच्या घरात राहणाऱ्या दोन बहिणींपैकी एक यादीत आणि दुसरी बाहेर, याचे कारण कोणी सांगू शकत नसे. अनेक आदिवासी समाजांत लग्न झालेला मुलगा आई-वडिलांच्याच अंगणात वेगळी खोली बांधून राहतो, काही काळ चूल एकच असते आणि मग ती वेगळी होते. सर्वेक्षणाच्या दिवशी चूल एक असेल तर कुटुंब एकच धरले जाई, आणि नंतर वेगळ्या झालेल्या सुनेला पुढच्या सर्वेक्षणापर्यंत थांबावे लागे. कुटुंबनिवडीचे सुरुवातीचे सूत्र किती तोकडे होते याची कबुली खुद्द योजनेच्या मूल्यमापनात सापडते: ज्या वस्त्यांचा अभ्यास झाला तिथे सुरुवातीला सुमारे ५२ टक्के कुटुंबे पात्र ठरली होती, आणि सूत्रात दुरुस्ती केल्यावर हे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांवर गेले. त्या मधल्या चौथ्या हिश्श्याच्या कुटुंबांची शिक्षणाविषयीची आस्था एका दुरुस्तीने अचानक वाढली, असे कोणी म्हणणार नाही.

त्यातच भाषेचा आणि कागदपत्रांचा अडसर होता. मेक्सिकोच्या राष्ट्रीय देशी भाषा संस्थेने २००८ च्या सूचीत ६८ भाषिक समूह नोंदवले आहेत, तर योजनेचे अर्ज, सूचना आणि सभांचा मुख्य व्यवहार स्पॅनिशमधून चाले. घरातली वृद्ध किंवा मध्यमवयीन स्त्री केवळ त्सोत्सिल किंवा मिश्तेको बोलणारी असेल, तर प्रश्नावलीची उत्तरे नवरा, दीर किंवा शाळकरी मुलगा देई, आणि पैसे मात्र तिच्या नावावर यायचे असल्याने ओळखपत्र तिचे लागे. चियापासच्या डोंगरांतील खेड्यांत जन्माची नोंदच न झालेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्यासाठी सहभागाचा मार्ग शाळेच्या दारापाशी सुरू न होता, दूरच्या नगरपालिका गावातील नोंदणी कचेरीच्या रांगेत सुरू होई.

यादीत नाव आल्यानंतरच्या अटींचा विचार तर अधिक बारकाईने करावा लागतो, कारण अनास्थेचा आरोप करणाऱ्यांचा सारा भर ‘मध्येच सोडून देणाऱ्या’ कुटुंबांवर असतो. अनुदान प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून मिळे आणि इयत्तेबरोबर वाढत जाई; १९९८ च्या उत्तरार्धात तिसरीच्या मुलासाठी महिन्याला ७० पेसो, तर माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीसाठी २५५ पेसो, असा दर होता, आणि माध्यमिक स्तरावर मुलींचा दर मुद्दाम मुलांपेक्षा जास्त ठेवला होता. या रकमेसाठी ८५ टक्के हजेरी आवश्यक होती, आणि एकाच इयत्तेत दोनदा नापास झालेल्या मुलाचे अनुदान थांबे. आता या दोन अटी आदिवासी मुलाच्या वर्षाशी ताडून पाहाव्यात.

गेर्रेरो राज्यातील ‘ला मोन्तान्या’ हा डोंगराळ प्रदेश नाहुआ, मिश्तेको आणि त्लापानेको लोकांचा. तिथल्या उतारावरच्या मक्याच्या शेतीतून वर्षभराचे धान्य निघत नाही, म्हणून पावसाळा सरला आणि मका काढून झाला की कुटुंबेच्या कुटुंबे सिनालोआसारख्या उत्तरेकडील राज्यांत टोमॅटो, मिरची आणि इतर भाज्यांच्या मोठ्या शेतांवर मजुरीला जातात आणि वसंत ऋतूच्या अखेरीस परततात. मजुरांच्या पत्र्याच्या चाळींत मुले आई-वडिलांबरोबर राहतात आणि थोडी मोठी झालेली मुले बादल्या भरण्याच्या कामाला हातभार लावतात, कारण मजुरी भरलेल्या बादलीवर मिळते. मेक्सिकोच्या शालेय वर्षाचा अर्धा भाग याच महिन्यांत जातो. अशा कुटुंबाला ८५ टक्के हजेरीची अट म्हणजे वर्षाच्या कमाईतली निवड होती: गावात थांबले तर अनुदान मिळेल, पण मका संपल्यावर घरातली पाच-सात माणसे त्या अनुदानावर जगू शकणार नाहीत. आईने मुलाला गावात आजीजवळ ठेवावे, असा सल्ला देणाऱ्याने अनेकदा आजीही त्याच ट्रकमध्ये बसलेली असते हे पाहिलेले नसते. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी शिक्षण खात्याचा वेगळा कार्यक्रम होता, म्हणजे हा प्रश्न सरकारला पूर्णपणे ठाऊक होता. तरीही रोख अनुदानाची हजेरी मात्र गावातल्या शाळेच्या हजेरीपटावरच मोजली जात राहिली. या कुटुंबाचे नाव यादीतून गळे तेव्हा नोंदीत कारण लिहिले जाई ते अटींची पूर्तता न केल्याचे. टोमॅटोच्या शेताचा उल्लेख तिथे कुठेही नसे.

दोनदा नापास होण्याची अट याहूनही जाचक ठरे. आदिवासी शिक्षणाचा खास विभाग मेक्सिकोत १९७८ पासून आहे आणि त्याच्या अखत्यारीत द्विभाषिक बालवाड्या व प्राथमिक शाळा चालतात, पण माध्यमिक स्तरावर तशी व्यवस्था नाही. प्राथमिक स्तरावरही त्सेल्ताल भाषिक शिक्षकाची नेमणूक त्सोत्सिल गावात होणे ही नेहमीची तक्रार आहे, आणि मग दोघांमधला दुवा म्हणून उरते ती स्पॅनिश, जी सहा वर्षांच्या मुलाला येत नसते. पहिली-दुसरीत ज्याला शिकवलेले समजलेच नाही तो तिसरीत मागे पडतो, आणि तिसरी म्हणजे अनुदान जिथून सुरू होई तीच इयत्ता. शिक्षकाची भाषा चुकली याची शिक्षा अशा रीतीने मुलाच्या आईला रोख स्वरूपात होई. या मुलाच्या नापास होण्यातून त्याच्या घरच्यांची उदासीनता शोधणाऱ्या विश्लेषकाने एकदा तरी न समजणाऱ्या भाषेतल्या वर्गात बसून पाहावे, अशी मागणी करणे अवाजवी नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा विचारात घेतला पाहिजे. प्रोग्रेसाच्या रचनाकारांनी एक स्तुत्य गोष्ट केली होती: त्यांनी ५०६ ग्रामीण वस्त्या निवडून त्यांपैकी ३२० वस्त्यांत योजना आधी आणि १८६ वस्त्यांत नंतर सुरू केली, जेणेकरून दोन्ही गटांची तुलना करून परिणाम मोजता यावा. या तुलनेतून मुलांची शालेय नोंदणी वाढल्याचे दिसले, आणि ती वाढ प्राथमिक शाळा संपवून माध्यमिक शाळेत जाण्याच्या टप्प्यावर, त्यातही मुलींमध्ये, विशेष होती. आदिवासी आणि बिगरआदिवासी मुलांमधील दरी काही अंशी कमी झाल्याचेही या आकडेवारीवर काम केलेल्या अभ्यासकांनी दाखवले आहे. हे निष्कर्ष खरे मानायला हरकत नाही. किंबहुना त्यांचा अर्थ नीट लावला, तर अनास्थेचा युक्तिवाद तिथेच कोसळतो: ज्या आदिवासी कुटुंबांच्या जवळ शाळा होती आणि ज्यांना हजेरीची अट पाळणे शक्य होते, त्यांनी मुलींनाही माध्यमिक शाळेपर्यंत नेले. संस्कृतीच शिक्षणाच्या विरोधात असती, तर थोड्याशा पेसोंनी हे घडले नसते.

मात्र या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या ५०६ वस्त्या सात राज्यांतल्या होत्या: गेर्रेरो, इदाल्गो, मिचोआकान, पुएब्ला, केरेतारो, सान लुइस पोतोसी आणि वेराक्रूस. या राज्यांत आदिवासी आहेत, ही गोष्ट खरी. पण देशातील आदिवासी समाजाची दोन मोठी केंद्रे असलेली वाहाका आणि चियापास ही राज्ये त्या नमुन्यात नव्हती. शिवाय योजनेच्या पात्रतेच्या चाळणीतून पार पडलेल्या वस्त्यांमधूनच हा नमुना घेतलेला होता, म्हणजे शाळा आणि दवाखाना जवळ नसलेल्या वस्त्या मुळातच तुलनेबाहेर राहिल्या. जगभरातल्या धोरणकर्त्यांनी ज्या आकड्यांवर विसंबून ही पद्धत उचलली, त्या आकड्यांत सर्वांत दुर्गम आदिवासी कुटुंबे नाहीत. १९९९ च्या अखेरीस २६ लाख कुटुंबांपर्यंत आणि २००४ मध्ये ५० लाखांपर्यंत योजना पोहोचली हे मोठेच काम आहे, परंतु पोहोचलेल्यांची संख्या कितीही मोठी असली तरी न पोहोचलेल्यांच्या मनात काय होते, हे ती सांगू शकत नाही.

सहभागाचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट हमखास गाळली जाते, ती म्हणजे स्त्रियांचे श्रम. अनुदान आईच्या नावे दर दोन महिन्यांनी मिळे, आणि यामुळे घरात स्त्रीच्या हाती पैसा आला हा या योजनेचा अतिशय मोलाचा परिणाम होता, यात वाद नाही. पण त्यासाठी तिला आरोग्य केंद्रातील तपासण्यांना मुलांसह जावे लागे, आरोग्यविषयक व्याख्यानांना हजर राहावे लागे, शाळेतून आणि दवाखान्यातून पूर्ततेच्या नोंदी होतील याकडे लक्ष ठेवावे लागे, आणि पैसे घेण्यासाठी वाटपाच्या ठिकाणी जावे लागे, जे डोंगरातल्या वाडीपासून कित्येक तासांच्या पायपिटीवर असू शके. गावातील स्त्रियांमधूनच निवडलेल्या विनामोबदला प्रतिनिधी निरोप पोहोचवण्यापासून कागद गोळा करण्यापर्यंतची कामे करत. अनेक ठिकाणी दवाखान्याची झाडलोट आणि गावातील स्वच्छतेची कामेही नियमात नसताना लाभार्थी स्त्रियांवर लादली गेली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मॅक्सीन मॉलिन्यू यांनी २००६ मध्ये याच योजनेच्या अभ्यासातून असे दाखवले की, गरिबी हटवण्याचे नवे धोरण मातांच्या बिनमोल श्रमावर उभे आहे. हे ध्यानात घेतले, तर कोणती कुटुंबे टिकून राहतात याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. जिच्या घरी तान्हे मूल सांभाळायला दुसरी बाई आहे आणि जिचे गाव रस्त्याच्या कडेला आहे ती टिकते. विधवा, एकटी किंवा आजारी स्त्री गळते, आणि तीच सर्वांत गरीब असते.

यादीबाहेर राहणाऱ्यांत एक गट असा आहे, ज्याने पूर्ण विचारांती बाहेर राहणे पत्करले. १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये सापातिस्ता राष्ट्रीय मुक्ती सेनेने उठाव केला. फेब्रुवारी १९९६ मध्ये सरकारशी झालेल्या सान आन्द्रेस करारांत आदिवासींच्या हक्कांविषयी आणि स्वायत्ततेविषयी आश्वासने मिळाली, आणि ती करारात ठरल्याप्रमाणे कायद्यात उतरली नाहीत. त्यानंतर सापातिस्तांच्या पाठीराख्या गावांनी सरकारची कोणतीही मदत न घेण्याचे ठरवले आणि शाळेचे अनुदानही नाकारले. प्रोग्रेसा नेमकी याच काळात या डोंगरांत येत होती, आणि एका गावात काही कुटुंबे पैसे घेणारी व काही नाकारणारी अशी फूट पडू लागली. ही फूट सरकारला हवीच होती, असा आरोप सापातिस्तांनी केला. आरोप बाजूला ठेवला तरी एक वस्तुस्थिती उरते, ती ही की, याच गावांनी स्वतःच्या शाळा उभारल्या, गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवण्याचे काम दिले, त्यांच्या जेवणाखाण्याची आणि शेताची जबाबदारी गावाने वाटून घेतली, आणि ओव्हेन्तिक येथे स्वायत्त माध्यमिक शाळाही चालवली. या शाळांच्या दर्जाविषयी मतभेद होऊ शकतात, आणि अनुदान नाकारण्याची किंमत अनेक कुटुंबांना एवढी जड गेली की ती संघटना सोडून गेली, हेही खरे आहे. परंतु सरकारी आकडेवारीत शाळाबाह्य किंवा गैरसहभागी दिसू शकणारी या शाळांतली मुले प्रत्यक्षात धडे गिरवत होती. आदिवासींना शाळा हे परके जोखड वाटते, असे सहानुभूतीच्या सुरात म्हणणारा दुसरा पक्षही या उदाहरणापुढे तितकाच निरुत्तर होतो.

प्रशासकीय अडचणी सगळीकडेच असतात, साधने मर्यादित असतात आणि कुठेतरी रेषा ओढावीच लागते, असे यावर सांगितले जाईल. रेषा ओढावी लागते, हे मान्य. आक्षेप आहे तो रेषेच्या पलीकडे राहिलेल्या माणसांच्या स्वभावावर तिचा दोष ढकलण्याला. अन्नसाहाय्याचा विनाअट कार्यक्रम चालवता येतो हे मेक्सिकोनेच दाखवून दिले, तेव्हा दुर्गम वस्तीत आधी विनाअट रक्कम द्यावी, शाळा आणि शिक्षक पोहोचवावेत आणि मगच हजेरी मोजावी, हा क्रम अशक्य नव्हता.

हा वाद महाराष्ट्राला परका नाही, कारण हजेरीच्या बदल्यात रोख रक्कम देण्याची कल्पना इथे प्रोग्रेसाच्याही आधी अमलात आली होती. अनुसूचित जमातींसह वंचित समाजांतील पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना राज्याने १९९२ मध्ये आणली, आणि त्या एका रुपयाचे मोल घटत गेले तरी दर वर्षानुवर्षे तोच राहिला. नंदुरबार-धुळ्याकडील आदिवासी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. या काळात त्यांच्या मुलीची हजेरी गावातल्या शाळेत कशी लागणार, याचे उत्तर भत्त्याच्या नियमात नव्हते. केंद्र सरकारच्या २००८ च्या योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलीने आठवी उत्तीर्ण होऊन नववीत प्रवेश घेतला की तिच्या नावे ३,००० रुपयांची ठेव ठेवली जाई, आणि दहावी उत्तीर्ण होऊन वयाची अठरा वर्षे पूर्ण केल्यावर ती तिला मिळे. ज्या मुलीच्या पाड्यापासून उच्च प्राथमिक शाळा लांब होती आणि जिची शाळा चौथीनंतरच सुटली, ती या योजनेच्या लाभार्थींत नाही, नापास झालेल्यांत नाही आणि अर्ज नाकारलेल्यांतही नाही. तिच्याविषयी बोलायचे असेल तर चौकशी तिच्या पाड्यापासून सुरू करावी लागेल: पाचवीचा वर्ग किती अंतरावर होता, वाटेत ओढा होता का, वसतिगृहात जागा मिळाली होती का, आणि वर्गातल्या शिक्षकाला तिची पावरी किंवा भिली भाषा समजत होती का.